खंडेनवमीचा डबा

बड़ा गणपतीच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शशिकलाबाईंच्या घरी दर खंडेनवमीला एक भांडण ठरलेलं असे. भांडण कसलं, घरचा कार्यक्रमच म्हणा. त्यांचे यजमान अप्पासाहेब सकाळी आंघोळ करून पाटावर लाल कापड अंथरत, पणजोबांची तलवार तेलाने पुसून त्यावर ठेवत आणि छाती फुगवून बसत. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. कोण होते, ते मात्र दर काही वर्षांनी बदलायचं. मुलगा शरद लहान होता तेव्हा पणजोबा शिपाई होते, त्याचं लग्न झालं तोवर ते जमादार झाले, आणि यंदा अप्पासाहेबांना अठ्ठ्याहत्तरावं लागल्यावर ते रिसालदार व्हायच्या बेतात होते.

तलवार मांडून झाली की शशिकलाबाई आतून आपला डबा आणत आणि तिच्या शेजारी ठेवत. जुना, लांबट, स्टीलचा डबा. एके काळी हॉस्पिटलात याच डब्यात काचेच्या सिरिंजा उकळत. आता त्यात दोन नव्या सिरिंजा, स्पिरिटचा कापूस आणि कापसात गुंडाळलेला एक इवलासा अँप्युल असायचा. अ‍ॅड्रेनालिनचा.

"हे काय हत्यार आहे?" अप्पासाहेब दर वर्षी विचारत.

"तुमच्या तलवारीनं आजवर काय कापलंय? साधा कोहळासुद्धा नाही," शशिकलाबाई दर वर्षी सांगत. "माझ्या डब्यानं माणसं उठवलीत."

अप्पासाहेब मग नाक मुरडून डब्यालाही हळदकुंकू लावत. लावत मात्र नक्की. आणि एकदा पूजेत मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. दसऱ्याला शशिकलाबाई जुना अँप्युल काढत आणि डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून आणलेला नवा आत ठेवत. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण हे चुकलं नाही.

"आई, तुम्ही पण ना!" सून विनीता म्हणाली. ती भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवायची आणि घरातही प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची. "इमर्जन्सीचं औषध पूजेत कोण ठेवतं? मतलब, फर्स्ट एडच्या बॉक्समध्ये ठेवा ना, सरळ."

"बॉक्समध्ये ठेवलं की माणूस विसरतो. पूजेतलं विसरत नाही."

"पण घरात कुणाला अ‍ॅलर्जी तरी आहे का?"

शशिकलाबाईंनी सुईदोरा उचलला, झेंडूची टोपली पुढे ओढली आणि म्हणाल्या, "चल, तोरण राहिलंय."

दोघी पुढच्या खोलीत सतरंजीवर बसल्या. विनीताने आधी चहा आणला. स्वतःला पूर्ण कप, सासूला अर्धा. दोन वर्षांपासून शशिकलाबाईंचे हात कापायचे. भरलेला कप दिला की बशीत सांडे, म्हणून विनीता न बोलता अर्धाच ओतायची. तिचा हेतू चांगला होता, पण शशिकलाबाईंना तो अर्धा कप दिसला की आतून चीड यायची. अरे, याच हातांनी दिवसाला साठ साठ इंजेक्शनं दिली आहेत! एकानंही कधी 'ओय' म्हटलं नव्हतं.

त्यांनी तो अर्धा कप बशीत ओतला, आणि बशीतल्या चहावर फुंकर घालताना नेहमीप्रमाणे त्यांना कमल सिस्टर आठवल्या.

कमल सिस्टर सरकारी हॉस्पिटलातल्या बायकांच्या वॉर्डच्या इन्चार्ज. ठेंगण्या, जाड भिंगाच्या, आणि राग कायम नाकावर. शशिकला बावीस वर्षांची, नवी कोरी नर्स. काय दिवस होते ते! स्टोव्हवर डबा खदखदतोय, बोथट सुया दगडावर घासून धार लावायचं काम चाललंय, दुपारच्या उन्हात गच्चीवर बसून कापसाचे बोळे वळताना गप्पांना नुसता ऊत. टोपीला तांदळाच्या पेजेची खळ, इतकी कडक की मान वळवली तर कानाला लागे. चार वाजता ड्युटीरूममध्ये चहा आणि कागदाच्या पुडीत लवंगी सेव. आणि नेमका तेव्हाच, सगळ्या पोरींनी पुडीत हात घातला की, कमल सिस्टर टाळी वाजवून ओरडायच्या, "पेशंट कोसळला! पेनिसिलिन दिलं होतं!"

मग धावायचं. खोटा पेशंट म्हणजे एखादी मैत्रीण, खाटेवर हसू दाबत पडलेली. तिला आडवं करायचं, पाय उशांवर चढवायचे, अँप्युल फोडायचा, अर्धा मिली भरायचा आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला सुई टेकवून दाखवायची. कमल सिस्टर तोवर बशीत चहा ओतून बसलेल्या असत. चहा निवायच्या आत सुई मांडीला लागली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. चहा निवला असेल तर त्या एक घोट घेत, तोंड वाकडं करत आणि म्हणत, "मेली गं तुझी पेशंट. आता नव्यानं चहा कर."

गंमत म्हणजे कमल सिस्टरांचे स्वतःचेच हात कापत. पोरी पाठीमागे नक्कल करायच्या, शशिकलाही करायची. एकदा त्यांनी पकडलं. रागावल्या नाहीत. शशिकलाचा हात धरून, मनगटाची गादी पेशंटच्या मांडीवर कशी टेकवायची ते दाखवलं. "असा टेकवला की कापणारा हातसुद्धा जागच्या जागी राहतो. म्हातारी होशील तेव्हा लागेल."

हे सगळं शशिकलाबाईंनी घरी शंभरदा सांगितलं होतं. विनीतालाही पाठ होतं. पण त्याच वॉर्डातली एक गोष्ट त्यांनी पन्नास वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती.

रेशमबाई नावाची एक पेशंट होती. मिल भागातली, दोन लेकरांची आई, हसरी. इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली, अंगभर गांधी उठल्या, डोळे फिरले. शशिकलाने चहा निवायच्या आत सुई दिली आणि बाई शुद्धीवर आली. वॉर्डात सगळ्यांनी शशिकलाची पाठ थोपटली. पाच-सात मिनिटांनी रेशमबाई म्हणाली, "सिस्टर, बाथरूम जाना है. बस दो कदम." तिचा चेहरा इतका बरा दिसत होता, आणि शशिकला इतकी खुशीत होती, की तिनं हाताला धरून तिला उभं केलं. दोन पावलं टाकली बाईनं. तिसऱ्याला ती शशिकलाच्या हातातून खाली गेली, आणि मग कशानंही उठली नाही.

रक्तदाब अजून पायांवर उभं राहण्याइतका सावरला नव्हता. झोपलेल्या माणसाला जेवढा दाब पुरतो, तेवढा उभ्या माणसाला पुरत नाही. शशिकलाला हे शिकवलं होतं. ती विसरली होती. त्या संध्याकाळी कमल सिस्टरांनी आपला सिरिंजांचा डबा तिच्या हातात दिला. "हा तू ठेव. तू आता घाईनं कुणाला उठवणार नाहीस."

तोच हा डबा.

"आई गं!" विनीता किंचाळली आणि तिनं हात झटकला. झेंडूच्या ढिगातून एक मधमाशी भिरभिरत खिडकीकडे गेली.

शशिकलाबाईंनी तिचं बोट पाहिलं. नांगी अडकली होती, ती त्यांनी नखाने खरवडून काढली. आतून अप्पासाहेब आले. "काय झालं? माशी चावली? अगं, लोखंड घासायचं. लोखंडानं विष उतरतं." लोक अशा वेळी किल्ली घासतात, कुलूप घासतात. पण घरात तलवार असताना किल्ली कोण शोधतो? अप्पासाहेबांनी आपला कडक नियम आपणच मोडला, पाटावरून रिसालदार पणजोबांची तलवार उचलली आणि तिचं पातं सुनेच्या बोटाला घासू लागले.

"अप्पा, बोट कापाल माझं!" विनीता हसत म्हणाली. शशिकलाबाईही हसल्या. मग विनीता म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी पातालपाणीच्या धबधब्यावर चावली होती ना, तेव्हा तर हात कोपरापर्यंत सुजला होता." आणि मग, तळहात ओढणीला घासत, "अरे यार, तळवे का खाजताहेत एवढे?"

शशिकलाबाईंचं हसू तिथेच थांबलं. चावलं एका बोटाला आणि खाज दोन्ही तळव्यांना?

"बघू मान. इकडे बघ."

मानेवर लाल गांधी उठत होत्या, बघता बघता एकीत एक मिसळत होत्या. "पित्त उठलंय," अप्पासाहेब म्हणाले. "आमसूल चोळा."

"आई, गळ्यात काहीतरी..." विनीताचा आवाज जाड झाला होता. "मळमळतंय. मी बेसिनपाशी..." ती उठायला गेली आणि गुडघ्यांतून खचली. चेहरा पांढराफटक.

शशिकलाबाई पुढे सरसावल्या. त्यांनी विनीताला तिथेच, झेंडूच्या फुलांवरच, आडवं केलं आणि मान एका कुशीला वळवली. नाडी धाग्यासारखी, कुठे लागते कुठे नाही. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी भिंत धरून उठायच्या. आता पाटापाशी कशा पोचल्या ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी डबा उचलला.

"अगं, पूजेतलं..." अप्पासाहेब सवयीने म्हणाले. हातात तलवार घेऊनच.

"ती ठेवा खाली!" शशिकलाबाई कडाडल्या. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, हा आवाज अप्पासाहेबांनी घरात कधीच ऐकला नव्हता. तो वॉर्डातला आवाज होता. "हिचे पाय धरा. लोडावर चढवा. आणखी वर! सोडू नका."

अप्पासाहेबांनी तलवार ठेवली आणि निमूटपणे सुनेचे पाय धरले. शरद आंघोळ अर्धी टाकून टॉवेलवरच बाहेर आला होता. "काय झालं? आई, मी गाडी काढतो, उचला तिला!"

"उचलायचं नाही. बसवायचंसुद्धा नाही. एकशे आठला फोन लाव. सांग, मधमाशी चावली, अ‍ॅलर्जीचा शॉक आहे, अ‍ॅड्रेनालिन देतोय. जिन्यात अंधार आहे तेही सांग."

बोलता बोलता त्यांनी अँप्युलला टिचकी मारली. मान मोडायला गेल्या आणि बोटं घसरली. हात नुसते लटलट कापत होते. पुन्हा कापूस गुंडाळला, पुन्हा मोडला. टक् झालं. अर्धा मिली. पूर्ण नाही, अर्धाच. उरलेला लागला तर. सिरिंज हातात घेतली तर सुईचं टोक वाऱ्यावर असल्यासारखं हलायला लागलं. शरद बघत होता, अप्पासाहेब बघत होते. शशिकलाबाईंनी मनगटाची गादी विनीताच्या मांडीवर टेकवली, घट्ट दाबली. हात थांबला. सलवारवरूनच, सरळ, सुई आत गेली.

"नऊ बेचाळीस," त्या म्हणाल्या. "शरद, लिहून ठेव."

मग वाट बघायची. यापेक्षा अवघड काम नर्सला नसतं. सतरंजीवर बशीतला चहा तसाच होता. त्यांनी नकळत बोट बुडवून पाहिलं आणि तेवढ्यातही त्यांना स्वतःचा राग आला, कारण तो कधीच गार झाला होता.

पाच मिनिटं झाली. विनीताच्या ओठांवर रंग नाही, श्वासात शिट्टी. शशिकलाबाईंनी उरलेला अर्धा मिली भरला आणि दुसऱ्या मांडीत दिला. अप्पासाहेब पाय धरून बसले होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. "शशी, ही जगेल ना?" त्यांनी विचारलं. शशिकलाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, नाडीवरचं बोट काढलं नाही.

हळूहळू बोटाखालचा धागा जाड झाला. शिट्टी मंदावली. विनीताने डोळे उघडले, आजूबाजूला पाहिलं, सासऱ्यांनी आपले पाय धरलेले पाहून ओशाळली.

"अप्पा, हे काय... आई, मला आता बरं वाटतंय. एकदम ठीक."

"छान. पडून राहा."

शरद तिच्याशेजारी बसून रडू लागला. हो, रडूच लागला, टॉवेलवर बसून. विनीताने त्याचा हात धरला. मग थोड्या वेळाने ती शशिकलाबाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आई, मला बाथरूमला जायचंय. धरा ना जरा. दोनच पावलं आहेत."

शशिकलाबाईंना रेशमबाई दिसली. चेहरा तसाच, बरा झालेला. शब्दही तेच.

"नाही," त्या म्हणाल्या.

"आई, खरंच बरी आहे मी. बघा." ती कोपरावर उठू लागली. शरदनेही हात पुढे केला. "आई, इतकं काय, मी धरतो ना तिला."

"हात लावशील तर याद राख!" शशिकलाबाईंनी दोन्ही हातांनी विनीताचे खांदे दाबून तिला खाली झोपवलं. त्यांचं वजन ते किती, पण त्या जवळजवळ तिच्या अंगावरच पडल्या. "नाही उठायचं, विनीता. मी तुला उठू देणार नाही."

"आई, प्लीज... मला थांबवत नाहीये. कपडे खराब होतील."

"होऊ देत. मी धुवीन."

"सगळ्यांसमोर..."

"अहो, तुम्ही दोघं तोंडं फिरवा. पाय सोडू नका, नुसती तोंडं फिरवा." त्यांनी विनीताच्या केसांवरून हात फिरवला. "बाळा, मी आयुष्यभर हेच धुतलंय. लाज नाही वाटत मला. तू फक्त पडून राहा."

विनीता लाजेनं हुंदके देत होती. शशिकलाबाई कमरेचा पदर सोडून तिच्यावर पांघरत होत्या.

दसऱ्याच्या खरेदीची गर्दी चिरत अँब्युलन्स आली तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. अँब्युलन्सवाला म्हणाला, "माताजी, खुर्चीवर बसवून उतरवू या ना?" शशिकलाबाईंनी पलंगावरची चादर ओढली. "झोळी करो, भिया. लेटाकर ही जाएगी." चौघांनी चादरीची चार टोकं धरली आणि विनीता झोपल्या झोपल्या, केसांत झेंडूच्या पाकळ्या घेऊन, जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. हॉस्पिटलात डॉक्टरांनी रात्रभर विनीताला नजरेखाली ठेवलं होतं, कारण अशी रिअ‍ॅक्शन काही तासांनी परत उलटू शकते. उलटली नाही. शशिकलाबाई खुर्चीवर बसून होत्या. घरी जा म्हणून सगळ्यांनी सांगितलं, त्या हलल्या नाहीत.

सकाळी अप्पासाहेब आले. धुतलेली टोपी, खिशात आपट्याची पानं. सुनेला पान देऊन ते म्हणाले, "सोनं घे." मग बायकोकडे न बघता खिशातून कागदाची पुडी काढली. आत नवा अँप्युल होता, त्यावर कुंकवाचा ठिपका.

"डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून आणला. डबा परत पूजेत मांडलाय. मधोमध."

"आणि तलवार?"

"आहे बाजूला," अप्पासाहेब पुटपुटले. "पणजोबा तसे शिपाईच होते."

शशिकलाबाई हसल्या. इतक्यात डॉक्टर आले, रक्तदाब झोपून मोजला, बसवून मोजला, आणि म्हणाले, "छान. आता उठायला हरकत नाही."

विनीताने पाय खाली सोडले. शशिकलाबाई झटकन पुढे झाल्या आणि दोन्ही हातांनी तिचा दंड धरला. विनीताला वाटलं, आईंना आधार हवाय, म्हणून तिनंही त्यांचा हात धरला. ती उभी राहिली. पहिलं पाऊल टाकलं. शशिकलाबाईंनी श्वास रोखला. दुसरं टाकलं. शशिकलाबाईंची बोटं तिच्या दंडात रुतली, इतकी की तिनं वळून पाहिलं.

"आई? काय झालं? रडताय कशाला?"

आणि बोलता बोलताच, काही ठाऊक नसताना, तिनं तिसरं पाऊल टाकलं. मग चौथं.

"काही नाही," शशिकलाबाई म्हणाल्या. "चल तू. सावकाश चल. घरी गेलो की तुला एका बाईची गोष्ट सांगायची आहे."